नटमेगचा रंग

पिवळा शंभर, लाल पन्नास, निळा पंचवीस.
झाला कुत्रा.
रोझालिया मावशी हे सांगायची
तेव्हा वाटायचं, केकची कृती सांगतेय.

ब्रिजपोर्टच्या त्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
तिरक्या टेबलांवर ओणवून चौदा बायका
न्यूयॉर्कहून आलेले महावीर रंगवायच्या.
रंगवायच्या म्हणजे काय, रंग त्यांच्या हाती नसेच.
पारदर्शक फिल्मवर एकच विटकरी शाई:
लालसाठी तीन फिल्म, निळ्यासाठी तीन, पिवळ्यासाठी तीन,
आणि खरा रंग उमटायचा दूरच्या एका छापखान्यात,
ज्याचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं.
पानाला किती सेंट मिळायचे, मावशीनं कधी सांगितलं नाही.
चष्म्याचा नंबर सांगायची.

नटमेग म्हणजे जायफळ.
आमच्या कनेटिकटचं लाडकं नाव, तेच त्या कुत्र्याचं.
एक कान उभा, एक पडलेला, गळ्यात निळी केप.
नायक उडायचा, तोही उडायचा, अर्धं पाऊल मागे.
रेल्वेचं इंजिन दातांत धरून पुलावर परत ठेवायचा.
चंद्रावर कुणी रडलं तर त्याला ऐकू यायचं.
पण नायकाच्या घराचं दार लागलेलं असलं
की पायपुसण्यावर बसून राहायचा,
शेपटी केपखाली घेऊन.
डोंगर फोडणारा कुत्रा, आणि एक लाकडी दार!
मी आठ वर्षांचा. मला ती लेखकाची चूक वाटायची.
मावशी म्हणाली,
अरे, फोडता येतं म्हणून तर थांबतो.

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात एकसष्टाव्या अंकाची पानं आली
आणि शेवटच्या पानावर नटमेग मेला होता.
खप उतरला होता, कुणाला तरी मारणं भाग होतं,
नायकाला मारून चालत नाही.
समासात संपादकाची पेन्सिल: कुत्रा राखाडी. डोळा कोरा ठेवणे.
ओल्गा बालोघ म्हणाली, बरं झालं, सुटले,
केपच्या चुण्या भरून भरून बोटं वाकडी झाली माझी.
आणि मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत नाक शिंकरत राहिली.

मावशीनं राखाडी भरला. सांगितलेलं काम ती करायची.
फक्त पिवळ्याच्या फिल्मवर, डोळ्याच्या जागी,
ब्रशच्या शेवटच्या केसानं एक ठिपका.
मोहरीहून लहान.
किंवा ब्रश निसटला असेल.
दोन्ही तिनंच सांगितलंय, वेगवेगळ्या नाताळांना.

पत्रांची पोती आली म्हणे न्यूयॉर्कला.
मुलांनी भिंगं लावली होती.
टोलेडोच्या एका मुलीनं लिहिलं:
महाशय, मेलेल्याच्या डोळ्यात उजेड नसतो.
माझे आजोबा मी पाहिलेत.

चौसष्टाव्या अंकात नटमेग परत.
चार पानं खर्चून लेखकानं सबब शोधली,
धूमकेतूची धूळ की असलंच काहीतरी.
ब्रिजपोर्टला कुणी काही विचारलं नाही.
मावशी पुन्हा पिवळा शंभर, लाल पन्नास.
तिच्या घरमालकाला कुत्रा चालत नसे,
म्हणून एवढाच कुत्रा तिचा:
दर महिन्याला येणारा, ठिपक्याठिपक्यांचा,
आणि तोही दुसऱ्याच्या मागे उडणारा.

शेवटच्या वर्षी तिला रंग दिसेनासे झाले.
लाल आधी गेला, मग निळा.
मी रविवारी सूप घेऊन जायचो.
जिन्यात काही खुडबुडलं की चमचा थांबवून म्हणायची,
उघड जा. तो आपणहून आत यायचा नाही.

मी उघडायचो.
जिना. पिवळा दिवा. समोरच्यांचे ओले बूट.
दार थोडा वेळ तसंच ठेवायचो.
थंडी आत यायची.