सहभागी क्रमांक सहा

माझं इंग्रजी अर्जापुरतं.
काइंडली, हिअरबाय, रिस्पेक्टेड सर
हे मी झोपेतही टाइप करतो.
पण प्लॅटफॉर्म तीनवर कुणा गोऱ्याने काही विचारलं
तर मी चपलेतला खडा काढायला वाकतो.

भुसावळ, जामनेर रोड,
भंगाळे झेरॉक्स अँड टायपिंग.
तो आला मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीत,
पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटण गळ्यापर्यंत,
अख्ख्या गावात उन्हाबद्दल न बोलणारा एकटाच.

मुअतसिम. गाव अतबरा, देश सुदान.
'तिकडेही नदी, तिकडेही लोको शेड,' म्हणाला,
'रात्री शंटिंगचा आवाज आला
की कळत नाही, मी कुठे झोपलोय.'
इंग्रजी शिकायला माणूस लंडनला जातो, एवढं ऐकून होतो.
इंग्रजी शिकायला कुणी तापीकाठी येतं
हे ऐकून शेजारच्या चहावाल्याने
दूध उतू घालवलं.

त्याचा प्रबंध असाच:
परदेशात इंग्रजी शिकणाऱ्यांचे अनुभव.
माणसं पाच. नावं नाहीत, सहभागी क्रमांक.
एकच्या 'प'चा 'ब' व्हायचा, वर्ग हसायचा.
दोनने खोलीसाठी अकरा दारं वाजवली,
पाटी 'भाड्याने देणे'ची, उत्तर 'गेली हो कालच'.
तीन, येमेनची मुलगी:
सर मधेच मराठीत विनोद सांगत,
सगळे हसत,
ती अर्धा सेकंद उशिरा.
चार-पाचचं आठवत नाही, तेव्हा लाइट गेली होती.

पैशांचं बोलणं मात्र सोपं गेलं.
हिशेब म्हटलं, तो म्हणाला हिसाब.
तारीख. कलम. साबण.
कुलुपाला तो गुफुल म्हणतो.
शटर ओढताना दोघं तो शब्द
इकडून तिकडे सरकवत राहिलो,
गंजल्या कडीसारखा.
घरी नेलं. कळण्याची भाकरी, ठेचा.
भाकरीला बोट लावून म्हणाला: दुरा.
ज्वारीला ते दुरा म्हणतात.
चौथी भाकरी त्याने मान खाली घालून खाल्ली.

मग एका रात्री सहावा आला.
तो सांगत गेला, मी दाबत गेलो,
स्पेस, स्वल्पविराम, स्पेस.
मदर कळलं. फोन कळलं.
ट्वेंटी वन डेज कळलं.
उरलेलं बोटांना कळलं असेल.
तो पूर्ण वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलत होता.

संगणकाने दुराखाली लाल रेघ मारली.
अतबराखाली मारली.
मी खाली सहज माझं नाव टाकलं,
निंबा भंगाळे, साकेगाव.
तीन शब्द, तीन रेघा.
तेव्हा तो पहिल्यांदा हसला,
खुर्ची करकरली इतका.

गाइड म्हणाले, सहावा काढा,
संशोधकाने स्वतःला मोजू नये.
काढला.
पानं एकशे बारा, बाइंडिंग मरून, अक्षरं सोनेरी.
'माले दोन कॉप्या जास्तीच्या दे, भाऊ,'
असं चोख म्हणाला, की गिऱ्हाईक वळून बघू लागलं.

आता कुठे आहे, माहीत नाही.
नंबर लागत नाही.
सातबारा, केळीचा विमा, उत्पन्नाचा दाखला,
फाइल शोधता शोधता ती मधेच निघते: सहा.
उघडतो. कळणारे शब्द मोजतो.
पहिल्यांदा चौदा होते,
काल एकोणतीस.

काल उंदराचं उजवं बटणही दाबून पाहिलं.
संगणक विचारतो, शब्दकोशात जमा करू?
दुरा केला जमा.
माझं नाव राहू दिलं.