क्रियापद

आल्तिन्याच्या उतारावर एक पिवळं घर होतं,
पाटीवर 'भाषा-अभ्यास विभाग'.
आत अभ्यास एकाच माणसाचा.

तीन वर्षं मी त्याला कानांत घालून बसले.
मित्रराष्ट्राचा राजदूत. घर त्याचं दिल्लीत,
आवाज पणजीत,
आणि मध्ये मी, वेर्णेकर, पोर्तुगीज चांगलं म्हणून.
वडिलांच्या जमिनीचे कागद त्याच भाषेत होते;
खटला हरलो, भाषा राहिली.

आधी लिहायचे नुसतं बंदर, तेल, तारखा.
मग त्याचा खोकला ओळखू लागले:
सकाळचा कोरडा,
आणि बायकोला 'सिगारेट सोडली' सांगतानाचा ओला.
रात्री सव्वानऊला तो धाकटीशी बोलायचा.
तिचा पुढचा दात हलत होता.
फाइलीत त्यासाठी रकाना नव्हता.
मी लिहिलं, 'कौटुंबिक. महत्त्वाचं नाही.'

मग बैठक ठरली, दोनापावलाच्या हॉटेलात.
दोन झेंडे, जेवणाला इसवण,
पाहुण्यांना लागू नयेत म्हणून काटे आधीच काढलेले.
ऐन वेळी दुभाषी तापानं पडला.
वरच्यांना वाटलं, हिला तर त्याची बोली पाठ आहे.
बसवलं मला काचेच्या खोलीत.

तो उठला. म्हणाला,
'बंदराच्या कराराबाबत आमचं सरकार...'
आणि मी त्याच्या आधीच पोचले:
'...पावसाळा संपल्यावर सही करील, तीही निम्म्या भाड्याला.'

हे तो इथे बोलला नव्हता.
आदल्या रात्री बोलला होता, आपल्या मंत्र्याशी.

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं.
तोवर माणसाला माघारी फिरता येतं.
मी फिरले नाही, एवढंच.

चहाच्या वेळी तो माझ्याकडे आला,
बशीत बेबिंकाचा तुकडा, वरचा एक थर उचकटलेला.
'बाई, तुम्हाला हे कुठून कळलं?'
हळू विचारलं, सभ्यपणे, त्याच्या भाषेत.
अंदाज म्हणता आलं असतं.
गफलत म्हणता आलं असतं.
खिडकीबाहेर जुवारीच्या तोंडाशी एक बार्ज
खनिज भरून, पाण्याला टेकून चाललं होतं.
मी विचारलं,
'धाकटीचा दात पडला का हो?'

त्यानं बशी ठेवली.
खोकला. कोरडा.

संध्याकाळी एक झेंडा उतरला. इसवण मांजरांनी खाल्ली.
त्यांनी राजदूत परत बोलावला, मग आपणही आपला.
आमच्याकडून पहिल्या दिवशी 'निराधार',
तिसऱ्या दिवशी 'नेहमीची कार्यपद्धती',
आठवड्यानं 'मित्रांत असं चालायचंच'.
महिन्याभरात कळलं, त्यांच्याकडेही असंच एक घर आहे,
रंग तेवढा वेगळा.
मग कुणी कुणाला विचारेना.
पावसाळा संपल्यावर सह्या झाल्या,
निम्म्या भाड्याला.
चालू आहे ती माझी चौकशी.
दर मंगळवारी तोच प्रश्न: चूक, की हेतू?
उत्तराला तिथेही दोनच रकाने.

आता मी दिवाडीला राहते.
रायबंदरच्या फेरीबोटीत चढले
की बायका बोलायच्या थांबतात.
लिस्बनला जायचंय म्हणून दोन मुली शिकायला येतात,
त्यांचे आईबाप फाटकाशी उभे राहतात, आत येत नाहीत.

रात्री मडगावच्या बहिणीला फोन लावते.
आत बारीक टिचकी वाजते.
नवखा असावा; श्वास धरतो,
पहिल्या महिन्यात मीही धरायचे.
बहिणीला गुडघ्याचं सांगते, नळाचं सांगते,
जरा सावकाश, त्याला लिहायला वेळ मिळावा.
कोंकणी त्याला अडत असणार, बाहेरचा पोर.

'फाल्यां येतां,' मी म्हणते,
आणि थोडं मोठ्यानं, 'फाल्यां म्हणजे उद्या.'

'मला काय शिकवतेस गो?' बहीण म्हणते.