उजवीकडची बोटभर पट्टी

पडला नाही, भिजला नाही, शपथेवर सांगते.
मंगळवारी रात्री लॉकवुडच्या बसमध्ये धडधाकट होता.
बुधवारी उठले तर काचेची उजवीकडची
बोटभर पट्टी मेलेली.
दिसतं सगळं. ऐकत काहीच नाही.
आमच्या घरच्या पुरुषांसारखं, म्हणणार होते,
पण आधी फोनचं सांगते.

त्या पट्टीत राहतं ते हिरवं वर्तुळ,
फोन उचलायचं.
लाल डावीकडे. लाल ठणठणीत.
म्हणजे मला कुणाचाही फोन कापता येतो,
घेता येत नाही.

मिरजेहून विश्रामचा आला.
हिरव्यावर बोट ठेवलं, दाबलं, घासलं,
कणीक तिंबावी तसा अंगठा रेटला,
फुंकर मारली, युनिफॉर्मला पुसला.
वाजून वाजून थांबला.
पुन्हा आला. घाईत अंगठा घसरला
आणि लाल लागलं.
धाकटा आहे तो. नाही म्हटलेलं त्याला फार लवकर कळतं.

'रिस्टार्ट कर,' डोना म्हणाली,
पूर्वी दवाखान्यात सगळ्यांवर एनिमा सांगायचे
तशी.
केला.
आता तो पिन मागतो.
माझ्या पिनमध्ये सहा आहे, दोनदा.
आणि सहा कुठे राहतो?
तीन, सहा, नऊ, अख्खा जिना ओस.
बोटाचा ठसा दाखवला, म्हणाला, आधी पिन.
अरे, मीच आहे, म्हटलं. मराठीत. मोठ्याने.
अकरा नंबरचे मिस्टर हॅलम दचकून जागे झाले.

एक्क्याण्णव वर्षांचे हॅलम, जन्म गिरणीत गेलेला.
'माग अडला की आम्ही बाजूने लाथ घालायचो.'
लाथ नाही, पण टेबलाच्या कडेवर हाणला एकदा.
टेबलाला खोच पडली.

शेवटी हडर्सफील्डच्या बाजारात, माशांच्या गाळ्यापलीकडे,
दोन हात पसरले की संपतं एवढं दुकान.
रेबवार, सुलेमानियाचा.
नखाने टकटक केली, कानाशी नेला,
म्हशीच्या डॉक्टरसारखा तोंड न उघडता उभा.
'स्क्रीन नव्वद पौंड. फोन साठचा.'
आत काय काय आहे ते सांगायला लागले,
आईच्या हातचा लिहिलेला हिशेब, त्याचा फोटो,
तर म्हणाला, 'शुक्रवारी ये. पार्ट ब्रॅडफर्डहून येतो.'
मी हललेच नाही.
मग खोक्यात हात घालून त्याने
वायरीचे इअरफोन काढले, गुंता तसाच.
'एक कान मेलाय. बटण चालतं. पैसे नको.'

गुरुवारी दुपारी, औषधांच्या खोलीत, वाजला.
नाव नाही. रिस्टार्टनंतर नावं आतल्या खोलीत अडकलेली,
दारात नुसता आकडा उभा.
शेवटचे बेचाळीस. म्हणजे तोच.
वायरीवरचं तांदळाएवढं बटण
दाबलं.
दोन श्वास कुणीच बोललं नाही.
'फोन का कापतेस गं सारखा?'

सांगितलं सगळं. पट्टी, हिरवं, लाल, जिना.
'असं कुठं असतं का,' म्हणाला.
'बंद करून चालू केलास का?'
मग कसा करायचा ते सांगितलं, पहिल्यापासून,
मग त्याच्या साडूच्या फोनला काय झालं होतं ते,
मग साडूचं.
इकडे हॅलमांच्या गोळ्यांची वेळ झालेली,
डोना काचेतून मनगटावर बोट मारून दाखवतेय.

लाल ठणठणीत होतं.
अंगठा नेला तिथवर, ठेवला नाही.
एका कानाने ऐकत राहिले.
दुसऱ्याने सोडून द्यायची सोय नव्हती,
तो मेलेला.