बाब

गुलाबी कार्ड उघडून सिस्टर शोशाम्मा विचारते,
मान कधी धरली?
वृंदा माझ्याकडे बघते.
चार दिवस, चार रात्री, मग चार सुट्ट्या
असं माझं चक्र.
त्यातल्या कुठल्याशा रात्री
मी बंदरावर असताना
हिने आपली मान आपणच सावरली.
मंगळवारी, मी ठोकून देतो.
सिस्टर लिहूनही घेते.

सोहारमध्ये मे लागला की
खिडकी उघडायची म्हणजे भट्टीत डोकावायचं.
म्हणून हिचं सगळं जग
एसीच्या घरघरीखाली, पांढऱ्या लाद्यांवर.
पालथी पडली ती सोफ्याजवळच्या लादीवर.
परत उताणं होणं जमेना,
तेव्हा रागाने फरशीच चाटत राहिली.
मग सरकू लागली, पण मागे.
पुढच्या खुळखुळ्यासाठी जोर लावायची
आणि खुळखुळा लांब लांब जायचा.
मी खूप हसलो.
मग हसू थांबलं.
दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो इथे,
त्याला अकरा झाली.

दात मी पाहिला नाही, ऐकला.
नाचणीची पेज भरवताना चमच्यावर
टण्.
वृंदा म्हणाली, पुन्हा.
टण्.
त्या आवाजापायी आम्ही
सगळी वाटी संपवली,
निम्मी तिच्या पोटात, निम्मी गळपट्टीवर.

माझं काम समुद्राचं मीठ काढायचं.
खारं पाणी आत घ्यायचं,
गोडं करून शहराला सोडायचं,
दर तासाला आकडा टिपायचा.
घरी आल्यावर ही आपली मूठ
माझ्या तोंडात कोंबते.
लाळ, घाम, भिजलेलं बिस्किट.
खारट.
याचा आकडा मी कुठे टिपत नाही.

दुपारी शेजारच्या उम्म सालिम येतात,
हिला कडेवर घेऊन दाराशी उभ्या राहतात.
उघडतात: बाब.
लावतात: बाब.
दार म्हणजे बाब, त्यांच्याकडे.
एका संध्याकाळी मी आत पाऊल टाकलं
आणि ही दोन्ही हात हलवत म्हणाली,
बाब!
बूट न काढताच मी नाचलो.
चिपळूणला फोन लावला, आत्याला उठवलं.
वृंदा कपड्यांच्या घड्या घालत होती.
"तुला नाही," म्हणाली. "दाराला."

मी वाद घातला.
अरबीत असेल दार.
मराठीत बाब म्हणजे केवढी गंभीर बाब!
आणि पुढे एक काना दे, झालो मी.
एवढ्याशा तोंडात काना मावला नसेल.
वृंदाने एक झबलं झटकलं.
"काना घरी राहील," म्हणाली,
"तेव्हा शिकेल."

टीपॉय धरला तर सरकतो.
खुर्ची सरकते.
वृंदाची ओढणी तर सुटूनच हातात येते.
दाराशी माझे कामाचे बूट असतात,
चवड्याला पोलाद, कलंडत नाहीत.
ते धरून ही उभी राहू लागली,
मी आत रात्रपाळीची झोप काढत असताना.
उठल्यावर बुटात पाय घालतो
तर आत ओलं, कधी एखादा चुरमुरा.

आज पहाटे परतलो.
किल्ली फिरवली, दार चार बोटं उघडलं.
"ढकलू नकोस," आतून वृंदा, अगदी हळू,
"ती मागे उभी आहे."
बूट माझ्या पायात.
"मग धरलंय काय तिने?"
"काही नाही."

फटीतून तेवढीच दिसली
एका पावलाची पाच बोटं,
लादी घट्ट पकडून पांढरी पडलेली.
मग ती उचलली गेली.
दिसेनाशी झाली.
कुठे टेकली, ते दाराआड.

जिन्यातला दिवा
कोणी हललं तरच जळत राहतो.
तो विझला.
मी हललो नाही.