दुसरा हात नाही

खालच्या खणात, कापसाच्या गठ्ठ्यामागे
सापडली बाटली.
झाकण घट्ट बसलेलं, आत काळा रंग
तळाशी थिजून, वर नुसतं पाणचट तेल.
किमतीची चिठ्ठी अजून तशीच : एकोणपन्नास कोरुना,
आणि खाली, पलीकडच्या बायकांसाठी, दोन युरो.

तेव्हा खेबच्या या बाजारात शनिवारी
सीमा ओलांडून जर्मन बसा यायच्या.
सिगारेटी, बागेत ठेवायचे मातीचे बुटके म्हातारे
आणि नखं.
सगळ्यांना तेच हवं : खाली चंदेरी, वर काळं,
आणि ते काळं डोळ्यांदेखत तडकत जाणारं.
श्वास धरून बघायच्या.
शाळकरी पोरी, त्यांच्या आज्या,
एकदा तर एक ट्रकवाला, पैज हरलेला.
त्याची फक्त करंगळी.

नव्याचे नऊ दिवस असतात,
याचे दोन उन्हाळे चालले.
तिसऱ्या वर्षी कुणी विचारेना.
निम्म्या किमतीत काढल्या, मग दोनावर एक फुकट,
उरल्या त्या पुढे मुलीला खेळायला दिल्या.
बाहुलीचे पाय अजून काळे आहेत.

आज ब्लाझेना आली.
कोट न काढताच म्हणाली,
"लेन्का, तो फुटका रंग आहे का गं तुझ्याकडे?"
(मी ख्वे. पण इथे लेन्का.)

एकतीस वर्षं पोर्सलीनच्या कारखान्यात
ताटल्या तपासायची ही.
उजेडात धरायची, पेराने टिचकी मारायची,
आवाज ऐकायची.
झिलईला केसाएवढा तडा दिसला की
ताटली नापास. आणि नापास म्हणजे फोडायचीच,
कुणी घरी नेऊ नये म्हणून.
कारखाना बंद झाला त्या आठवड्यात
तिनं ही नखं करून घेतली होती, माझ्याचकडे.
मला आठवत नाही. तिला आठवतं :
मी सात महिन्यांची होते
आणि टेबलापासून लांब बसून हात ताणत होते.

थिनरचे चार थेंब टाकले. बाटली हलवली नाही,
तळव्यांत घोळवली, बुडबुडे नकोत म्हणून.
चंदेरी लावलं. वाळू दिलं.
मग काळं.
याचा नियम एकच : जाड दे की पातळ दे,
पण हात एकदाच. ब्रश परत फिरवलास
की नुसता चिखल.

अंगठा. काही नाही.
दुसरं बोट. काही नाही.
हीटर गुरगुरत होता, आम्ही दोघी
तिच्या हाताकडे बघत बसलो
दूध उतू जायची वाट बघावी तशा.
चौथ्या नखाच्या कोपऱ्यात एक रेघ सरकली,
थांबली,
मग एकदम सगळीकडे पळाली.
"अगं!" ती ओरडली. बाहेरचा बूटवाला डोकावून गेला.

दहांतली तीन तडकली. सात गुळगुळीत काळीच राहिली.
तिनं चष्मा पुसला, दोन्ही हात दिव्याखाली धरले,
एकेका नखावर टिचकी मारली.
"तीन पास," म्हणाली. "सात नापास."
आणि तीन नखांचेच पैसे मोजून ठेवले,
सुट्टे, एकावर एक रचून.

मी रिमूव्हर घेऊन त्या सातांकडे वळले
तर तिनं हात मागे घेतले.
कोटाच्या खिशात घातले, जपून, मुठी न वळता.
"राहू दे," म्हणाली.
"ही घरी नेते."