रकाना सतरा

मोहापी, तुला नापास केलं ते मीच.
शाई कॉलेजची, सही माझी.

चौतीस रकाने. तेहतीस भरले होते.
प्राचार्य म्हणाले, मासेचाबाबाई, हे सत्त्याण्णव टक्के झाले,
एवढे तर मला माझ्या बायकोनेही कधी दिले नाहीत.
सगळे हसले. मीही हसले,
आणि पेनाचं टोपण काढलं.

तुझी शाळा लेसोथोच्या अगदी माथ्यावर.
जीप सेंकू नदीच्या अलीकडेच दम सोडते,
पुढे तट्टू.
तट्टाला माझे गुडघे ठाऊक आहेत,
चढावर ते आपणहून सावकाश होतं.
मी पोचले तेव्हा पत्र्यावर हिम वितळत होतं
आणि आतून पोरांचा हसण्याचा आवाज येत होता.
वीस वर्षांत इतक्या शाळा पाहिल्या,
बाहेरून हसू ऐकू येईल अशा
बोटांवर मोजण्याइतक्या.

मी मागच्या बाकावर बसले, घोंगडी गुंडाळून.
तू फळ्यावर पाव काढलास, गोल, खरपूस,
खडूला वास येईल असा.
अर्धा आजोबांना. एक तृतीयांश गुराख्याला.
दोघांचं मिळून किती?
वरचे दोन अंक मिळवलेस, खालचे दोन मिळवलेस:
दोन पंचमांश!
साठ पोरांनी टाळ्यांच्या ठेक्यावर म्हटलं,
दोन पंचमांश, दोन पंचमांश,
छत हललं.

चुकलास. ठीक आहे.
मीही एकदा पृथ्वीला दोन चंद्र दिले होते,
नवी होते, घाबरले होते,
आणि दुसऱ्या दिवशी एक परत घेतला.
चुकीसाठी मी कुणाला अडवलेलं नाही.

पण माझ्या शेजारी लिनेओ होती.
वहीच्या पानाच्या पट्ट्या फाडून तिने
अर्ध्याला तृतीयांश जोडला होता
आणि तो जवळजवळ टोकाला पोचत होता.
मग तिने तुझे दोन पंचमांश खाली ठेवले.
ते नुसत्या अर्ध्यालाही पुरत नव्हते.
ती पट्ट्यांकडे बघत राहिली.
परत मोजल्या.
मग हात वर केला.

तू पाहिलंस.
तू गोड हसलास, म्हणालास, शाबास, बस, नंतर,
आणि ठेका पुन्हा धरलास.
हात थोडा वेळ तसाच राहिला,
मग कोपरात वाकला,
मग डोकं खाजवण्याचं निमित्त करून खाली आला.

रकाना सतरा: विद्यार्थ्याचा प्रश्न ऐकतो.

गावच्या मुखियाने पत्र पाठवलं:
दोन वर्षं आमच्याकडे मास्तर नाही, बाई,
अर्धा मास्तर दिलात तरी चालेल.
वाचून माझ्या घशात काहीतरी अडकलं.
सांगणार होते की तुमचा हा माणूस
अर्ध्याहून पुष्कळ जास्त आहे,
फक्त अजून एक सत्र द्या त्याला.
टपाल डोंगर चढायला तीन आठवडे घेतं.
मी लिहिलंच नाही.

तू निकालाच्या यादीसमोर उभा होतास, टोपी हातात.
विचारलंस, पोरांना मी आवडत नव्हतो का?
आवडत होतास.
तेच तर, मोहापी.
नावडत्या मास्तराची चूक पोरं वेशीवर टाकून येतात,
आवडत्याची जन्मभर जपतात.

हे सगळं मी तुला नीट सांगितलं,
आणि आजही तसंच सांगेन.
यंदा समितीने रकाने बारावर आणले आहेत.
सतरावा वाचवायला मी दोन बैठका भांडले,
तो आता चौथा आहे.

पण काल जुनी फाईल उघडली
आणि तुझ्या कागदांतून तीन पट्ट्या पडल्या.
तास संपल्यावर लिनेओने त्या
माझ्या मांडीवर ठेवल्या होत्या, न बोलता.
परीक्षकाने वर्गात तोंड उघडायचं नाही, असा नियम.
मी मान डोलावली, पट्ट्या कागदांत सरकवल्या,
अंधार पडायच्या आत नदी गाठायची होती.

तिने तुला एकदा विचारलं,
मला एकदा.
माझ्या कागदावर माझ्यासाठी रकाना नव्हता.