पन्नासाला एक

म्फांगानो बेटावर, धक्क्यापाशी
अविनो पेट्रोल विकते पिवळ्या डब्यांतून.
पाच लिटरला शंभर मिली तेल.
मोजायला पोराच्या खोकल्याच्या औषधाची बाटली,
तिच्यावरच्या रेघा अजून शाबूत.

ओबिएरो म्हणतो, निम्मंच घाल,
मासळीला भाव नाही.
न्यांग्वेसो म्हणतो, दुप्पट घाल, इंजिन म्हातारं झालंय.
त्याची होडी सुटली
की काठावरचे बगळेसुद्धा खोकतात.

ती कुणाचंच ऐकत नाही.
तेल आधी, पेट्रोल मागून,
झाकण घट्ट, मग डबा कडेवर घेऊन हलवते
झोपायला तयार नसलेल्या पोरासारखा.

रात्री सरोवरावर दिवे,
चिमुकल्या ओमेना मासळीला भुलवणारे.
अंथरुणात पडल्या पडल्या ती आवाज ओळखते :
हा ओकेच.
हा न्यांग्वेसो, घसा खाकरत.
आणि हा, कोरडा, दात खात चाललेला,
ओबिएरो.
दुसरीकडून भरलंय. स्वस्तातलं.

आवाज मध्येच तुटतो.

ती थोडा वेळ वाट पाहते.
मग नवऱ्याला हलवते,
"ऊठ, वल्ही घे."
बाटली तिनं आधीच
लेसोच्या गाठीत बांधलेली.